कंडेन्सरांची जोडणी : लायडनच्या बरणीपासून ध्वनिवर्धकापर्यंत

थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. परंतु विजेच्या राज्यांत तिचा अनुभव मोठा चमत्कारिक येतो. विजेचा सांठा करणारीं चार लहान पात्रें एका रीतीनें जोडलीं म्हणजे त्यांचें एक मोठें तळें होतें; आणि तींच चार पात्रें दुसऱ्या रीतीनें जोडलीं म्हणजे चौघांची मिळून शक्ति एकाच्या चौथाईवर येते. मात्र या दुसऱ्या रीतींत तळें लहान झालें तरी त्याचा बांध चौपट उंच होतो. कोणत्या वेळीं विस्तार हवा व कोणत्या वेळीं उंची हवी, हें ओळखण्याची विद्या मनुष्यानें शतकानुशतकें धक्के खात संपादन केली. रेडिओच्या, ग्रामोफोनच्या किंवा सभागृहांतील ध्वनिवर्धकाच्या पोटांत जे छोटे नळीसारखे अथवा चपट्या बत्ताशासारखे भाग दिसतात, त्यांस कारागीर कंडेन्सर म्हणतात. हव्या त्या मापाचा कंडेन्सर बाजारांत न मिळाल्यास दोनतीन लहान एकत्र करून तें माप साधावें लागतें. या साध्या दिसणाऱ्या क्रियेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ इ. स. १७४५ मध्यें झाला. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत पोमेरेनिया प्रांतांतील कामिन गांवीं एवाल्ड गेऑर्ग फॉन क्लाइस्ट या धर्माधिकाऱ्यानें एका कांचेच्या बाटलींत खिळा बसवून त्यास घर्षणयंत्राची वीज दिली. एका हातांत बाटली धरून दुसऱ्या हातानें खिळ्यास स्पर्श करतांच त्याचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. पुढील वर्षाच्या प्रारंभीं हॉलंडांतील लायडन येथें प्राध्यापक पीटर व्हान मुशेनब्रुक यांनाहि तसाच अनुभव आला. पुन्हा असा धक्का कोणत्याहि मोलावर घेणार नाहीं, अशा आशयाचें पत्र त्यांनीं पॅरिस येथील रेओम्यूर या शास्त्रज्ञास लिहिलें. लायडनची बरणी हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. १७४६ सालींच नोले नांवाच्या फ्रेंच पंडितानें राजा पंधराव्या लुईसमोर १८० पहारेकऱ्यांस हातांत हात देऊन उभें केलें, आणि एका बरणीच्या धक्क्यानें ते सर्वजण एकाच क्षणीं उडाले. दरबाराची करमणूक झाली. पण विचारवंतांपुढें प्रश्न उभा राहिला कीं, एवढ्याशा भांड्यांत ही शक्ति राहते कोठें?

याचें उत्तर आज शाळेंतील मुलांसहि देतां येतें. दोन वाहक पृष्ठें आणि त्यांच्यामध्यें विजेस वाट न देणारा एक थर, एवढीच कंडेन्सरची रचना. क्लाइस्टच्या बाटलींत कांच हा मधला थर होता, आंतील खिळा हें एक पृष्ठ होतें, आणि बाटली धरणारा हात हेंच दुसरें पृष्ठ होतें. लवकरच हाताच्या जागीं कथलाचा वर्ख आला. पृष्ठें जितकीं विस्तीर्ण व मधला थर जितका पातळ, तितका सांठा अधिक. परंतु थर फार पातळ झाला कीं विजेच्या दाबानें तो फुटतो. कंडेन्सरच्या सर्व इतिहासांत विस्तार व दाब यांची ही ओढाताण चाललेली आहे.

बरणी मोठी करावी तर कांच फुटे, आणि मोठी सुबक कांच मिळणेंहि कठीण. तेव्हां एका मोठ्या बरणीऐवजीं अनेक लहान बरण्या जोडण्याची कल्पना निघाली. डान्झिग नगरांतील डॅनियल ग्रालाथ हा ती अंमलांत आणणाऱ्यांत पहिला मानला जातो. त्यानें बरण्यांचीं आंतील टोकें एकत्र व बाहेरचीं टोकें एकत्र जोडलीं. हिलाच आज समांतर जोडणी म्हणतात.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया नगरांत बेंजामिन फ्रँकलिन यानें याहून पुढचें पाऊल टाकलें. १७४८-४९ च्या सुमारास त्यानें खिडकीच्या ११ मोठ्या कांचा घेऊन त्यांस दोन्ही बाजूंनीं शिशाचे पातळ पत्रे लावले, आणि या समूहास बॅटरी असें नांव दिलें. सैन्यांत तोफांच्या समूहास बॅटरी म्हणत. तोच हा शब्द. परंतु नांवापेक्षां त्याची युक्ति अधिक महत्त्वाची आहे. वीज भरतांना त्यानें एका कांचेची एक बाजू दुसरीच्या दुसऱ्या बाजूस अशी सांखळी केली, म्हणजे एकाच्या श्रमांत सर्व भरावे. भरून झाल्यावर त्यानें सर्व एका बाजूचे पत्रे एका लांब तारेस व दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या तारेस आणून लाविले, म्हणजे सर्वांचा जोर एकदम मिळावा. भरणें एकसर जोडणीनें व वापरणें समांतर जोडणीनें, असा हा प्रकार होता. त्याच अकरा कांचा, पण जोडणी बदलतांच त्यांचा गुण बदलला. फॅरड, व्होल्ट हे शब्दहि जेव्हां जन्मास आले नव्हते, तेव्हांची ही गोष्ट.

या विद्येचें शुल्क फ्रँकलिननें स्वतःच्या शरीरानें भरलें. १७५० च्या नाताळाच्या दोन दिवस आधीं तो दोन मोठ्या बरण्यांच्या धक्क्यानें एक टर्की पक्षी मारून दाखविण्याच्या खटपटींत होता. त्या दोन बरण्यांत चाळीस साध्या बाटल्यांएवढी शक्ति आहे, हें त्यास ठाऊक होतें. बोलण्याच्या नादांत एका हातानें तारा व दुसऱ्या हातानें बाहेरची सांखळी त्यानें एकाच वेळीं धरली आणि तो स्वतःच बेशुद्धप्राय झाला. जोडलेल्या सांठ्याचें भय एकट्या बाटलीच्या अनुभवावरून समजत नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

पुढें हॉलंडांतील हार्लेम येथें टायलर संस्थेसाठीं जॉन कथबर्टसन या इंग्रज कारागिरानें १७८४ मध्यें प्रचंड घर्षणयंत्र तयार केलें, आणि मार्टिनस व्हान मारुम यानें त्याच्या जोडीस मोठमोठ्या बरण्यांच्या बॅटऱ्या ठेवून प्रयोग केले. परंतु केवळ शक्ति वाढवून शास्त्र होत नाहीं. त्यास मापन लागतें. तें काम इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश या एकलकोंड्या गृहस्थानें १७७० नंतरच्या दशकांत मुकाट्यानें केलें. त्यानें वर्ख लाविलेल्या कांचेच्या तबकड्या करून त्यांची विद्युत्-धारकता एकमेकींशीं ताडून पाहिली, आणि एका गोलाच्या धारकतेशीं त्यांचें प्रमाण बसविलें. हे कागद त्याच्या हयातींत प्रसिद्ध झाले नाहींत. १८७९ सालीं क्लार्क मॅक्सवेल यानें ते संपादून छापले.

या मापनांतून जो हिशेब निघतो तो असा. समांतर जोडणींत पृष्ठांचा विस्तार वाढतो. म्हणून धारकतांची सरळ बेरीज होते. दोन आणि तीन मिळून पांच. एकसर जोडणींत मधला थर जाड झाल्यासारखा होतो. म्हणून धारकता घटते, आणि बेरीज करावी लागते ती त्यांच्या व्यस्त अंकांची. दोन समान कंडेन्सर एकसर जोडले तर धारकता निम्मी. परंतु दाब दोघांत वांटला जात असल्यामुळें दुप्पट दाब सोसण्याची पात्रता येते. समांतर जोडणींत मात्र प्रत्येकावर सर्व दाब सारखाच पडतो. म्हणून तेथें सर्वांत दुबळ्या कंडेन्सरची सहनशक्ति हीच सर्व समूहाची मर्यादा.

प्रयोगशाळेंतील ही विद्या व्यवहारांत आली ती समुद्राखालच्या तारेमुळें. रबरासारख्या गटापर्चाच्या वेष्टनांतील तांब्याची तार आणि बाहेर समुद्राचें पाणी, हा शेंकडों मैल लांबीचा एक कंडेन्सरच होय, हें फॅरडेनें १८५४ मध्यें दाखविलें. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें मुंबई व एडन यांमधील तार टाकली, तेव्हां हिंदुस्थानांतील व्यापाऱ्यांच्या निरोपांनाहि याच नियमानें चालावें लागलें. अशा एकाच तारेंतून दोन्ही दिशांनीं एका वेळीं संदेश धाडावयाचे तर किनाऱ्यावर खऱ्या तारेची हुबेहुब प्रतिकृति करावी लागे, आणि ती अनेक लहान कंडेन्सर व रोध यांच्या मालिकेनें होई. तारखात्याच्या पेट्यांत लहान लहान मापांचे कंडेन्सर ठेवून पितळी खुंट्या बसवून हवी ती बेरीज साधीत. सोनाराच्या पेटींतील लहानमोठीं वजनें तराजूंत टाकून जसें हवें तें तोल जुळवावें, तशीच ही तऱ्हा. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-परिषदेनें फॅरडेच्या स्मरणार्थ फॅरड हें माप मान्य केलें. हें माप व्यवहारास फारच मोठें. म्हणून त्याचा दहा लक्षावा हिस्सा, म्हणजे मायक्रोफॅरड, हेंच चलनी नाणें ठरलें.

मधल्या थराचें द्रव्यहि बदलत गेलें. १८७६ मध्यें फिट्झजेरल्ड यानें मेणकागदाच्या कंडेन्सरचें पेटंट घेतलें. १९०० मध्यें मॅन्सब्रिज यानें कागदावरच धातूचा अगदीं पातळ लेप देण्याची युक्ति काढली. कागदास कोठें छिद्र पडलें तर तेथील लेप जळून जाऊन दोष आपोआप मिटे. बिनतारी यंत्रांच्या पहिल्या काळांत कांचेच्या बरण्याच होत्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विल्यम ड्युबिलियर प्रभृतींच्या अभ्रकाच्या कंडेन्सरांनीं त्यांस हटविलें. येथें हिंदुस्थानचा संबंध निकटचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगास लागणाऱ्या उत्तम अभ्रकाचा फार मोठा वांटा त्या वेळच्या बिहार प्रांतांतून, कोडर्मा व गिरिडीह भागांतून जात असे. मजुरांच्या बोटांनीं सोललेले ते कागदाहून पातळ पापुद्रे परदेशीं जाऊन वर्खाच्या पानांमध्यें रचले जात. अशा कंडेन्सरांत एकाआड एक पानें एकत्र जोडलेलीं असतात. म्हणजे बाहेरून एक दिसणारा कंडेन्सर आंतून अनेक लहान कंडेन्सरांची समांतर जोडणीच असतो.

आतां ध्वनिवर्धकाकडे वळूं. १९०६ मध्यें ली डी फॉरेस्टनें तीन अवयवांचा व्हॉल्व्ह तयार केला, आणि त्याच्या सुधारणेनंतर क्षीण ध्वनितरंग पायरीपायरीनें मोठे करणें शक्य झालें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां घरोघर येऊं लागलेल्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत कंडेन्सरची दोन मुख्य कामें होतीं. पहिलें काम दारवानाचें. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवर दोनतीनशें व्होल्टांचा स्थिर दाब असतो. तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जातां कामा नये, परंतु गाण्याचे तरंग तर गेले पाहिजेत. कंडेन्सर स्थिर प्रवाहास अडवितो व कंपनांस वाट देतो. दुसरें काम कोठाराचें. घरांतील विजेचा उलटसुलट प्रवाह सरळ केल्यावर त्यांत जे उंचवटे राहतात, ते भरून काढून गुणगुण बंद करावयाची.

दारवानाच्या कामीं माप जुळणें किती महत्त्वाचें आहे, तें एका प्रसिद्ध उदाहरणानें दिसेल. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकांत विल्यमसन यानें आपल्या ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. शुद्ध ध्वनीच्या शौकिनांनीं तो जगभर उचलला. त्यांत सांध्याचे कंडेन्सर ०.०५ व ०.२५ मायक्रोफॅरडचे होते. १ लक्ष ओहमच्या रोधाबरोबर ०.२५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतां सेकंदास सुमारें ६.४ कंपनांच्या खालीं तरंग क्षीण होऊं लागतात. माप फार घटलें तर तबल्याच्या डग्ग्याचा गंभीर नाद उणा पडतो. भलतेंच वाढविलें तरी धोकाच. कारण या रचनेंत शेवटचा ध्वनि उलट आरंभास नेऊन दोष सुधारण्याची योजना असते, आणि निरनिराळ्या पायऱ्यांचीं मापें परस्परांशीं न जुळलीं तर यंत्र स्वतःच मंद आंदोलनें करूं लागतें.

परंतु ०.२५ हें माप पुढें दुर्मिळ झालें. त्याचें कारण मापांच्या शिस्तींत आहे. १८७० नंतरच्या काळांत चार्ल्स रेनार या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें विमानफुग्यांच्या दोरांचे ४२५ प्रकार कमी करून १७ वर आणले. एका मापापासून दुसरें माप ठराविक पटीनें वाढवावें, ही त्याची योजना. तेंच तत्त्व विद्युत्-भागांस लागू होऊन १०, १५, २२, ३३, ४७, ६८ अशी मालिका ठरली. वीस टक्के कमीअधिकपणा धरला तर १० चें वरचें टोंक १२ आणि १५ चें खालचें टोंकहि १२. म्हणजे मध्यें खिंड राहत नाहीं. कारखान्यास सोयीचें झालें, पण जुन्या आराखड्यांतील ०.२५ मात्र दुकानांतून गेलें. कारागिरानें त्यावर जुनाच उपाय केला. ०.१५ व ०.१० समांतर जोडले म्हणजे ०.२५ झालें.

सर्वच बेरजा इतक्या सुखाच्या नसतात. १९५४ पासून ग्रामोफोन तबकड्यांसाठीं अमेरिकेंतील उत्पादकांनीं जें स्वरसंतुलन ठरविलें, त्यांत एक कालमान ७५ मायक्रोसेकंदांचें आहे. रोध २२ हजार ओहम असेल तर त्यासाठीं सुमारें ३४०९ पिकोफॅरडचा कंडेन्सर हवा. पिकोफॅरड म्हणजे मायक्रोफॅरडचा दहा लक्षावा अंश. ३३०० व १०० यांची समांतर जोडणी केली कीं ३४००, कालमान ७४.८, म्हणजे जवळजवळ बिनचूक. परंतु येथेंच एक फसगत दबा धरून बसलेली असते. ३३०० चा कंडेन्सर पांच टक्के सवलतीचा असेल तर त्याचें खरें माप १६५ नें कमी किंवा अधिक असूं शकतें. ज्याची चूक १६५ ची आहे, त्यास १०० ची पुरवणी जोडून अचूकपणा कसा येणार? म्हणून आधीं मोठ्याचें खरें माप घ्यावें, आणि मग उणें असेल तेवढेंच लहानानें भरून काढावें. अनेक समान कंडेन्सर घेतले तर कोणाची चूक वर, कोणाची खालीं, अशी परस्पर फिटून जाण्याचा संभव असतो. पण सर्व एकाच घाण्यांतून निघालेले असतील तर सर्वांची चूक एकाच दिशेची असूं शकते. तेव्हां संख्येवर विसंबणें बरें नव्हे.

कोठाराच्या कामांत तर प्रश्न प्राणांचा असतो. या कामास मोठी धारकता लागते, आणि ती ॲल्युमिनियमच्या पृष्ठावरील अतिशय पातळ भस्मथरानें मिळते. पोलाक यानें १८९० नंतरच्या दशकांत अशा विद्राव कंडेन्सरांचा पाया घातला, आणि १९२० ते १९४० या काळांत त्यांचें कोरडें, आटोपशीर रूप बाजारांत आलें. पण थर पातळ म्हणून त्यांची दाब सोसण्याची शक्ति बेताची. ६०० व्होल्टांसाठीं ३५० व्होल्टांचे दोन एकसर जोडावे, हें सहज सुचतें. १०० मायक्रोफॅरडचे दोन मिळून ५०, आणि सहनशक्ति ७०० व्होल्ट. कागदावर हिशेब चोख दिसतो. परंतु समजा, एकाचें खरें माप ८० व दुसऱ्याचें १२० आहे. एकसर जोडणींत लहानावर अधिक दाब पडतो. यंत्र सुरू होतांना ८० च्या वांट्यास ३६० व्होल्ट येतात आणि १२० च्या वांट्यास २४०. पहिल्याची मर्यादा ३५० ची. ती ओलांडली गेली. तो फुटला कीं सर्व ६०० व्होल्ट दुसऱ्यावर कोसळतात. पुढें दाब स्थिरावल्यावर त्याची वांटणी प्रत्येकांतून झिरपणाऱ्या प्रवाहावर ठरूं लागते, आणि ही झिरपणहि दोघांची सारखी नसते. म्हणून जाणता कारागीर प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांस समान मापाचा एकेक मोठा रोध लावतो, व सहनशक्तींत थोडी शिल्लक राखतो. त्या रोधांनीं दाब समान वांटला जातो, आणि यंत्र बंद झाल्यावर सांठाहि हळूहळू ओसरतो.

हें ओसरणें उपेक्षणीय नाहीं. ५० मायक्रोफॅरडच्या कोठारांत ६०० व्होल्टांवर ९ ज्यूल ऊर्जा असते. एखादी लहान लायडनची बरणी एक सहस्रांश मायक्रोफॅरडची धरली व ती ३०,००० व्होल्टांपर्यंत भरली, तर तिच्यांत अर्ध्या ज्यूलहूनहि थोडी कमीच ऊर्जा मावते. म्हणजे मेजावरील एका ध्वनिवर्धकाच्या पोटांत तसल्या वीस बरण्या भरलेल्या असतात, आणि विजेची दोरी भिंतींतून काढली म्हणून त्या रित्या होत नाहींत. फ्रँकलिननें धरलेल्या सांखळीची आठवण दुरुस्तीस बसणाऱ्या प्रत्येकानें ठेवावी. आधीं योग्य रोधानें सांठा रिता करावा, दाब मोजून खात्री करून घ्यावी, आणि मगच हात घालावा.

व्हॉल्व्हनंतर ट्रान्झिस्टर आला, दाब उतरले, आणि कंडेन्सरांचीं मापें हजारों मायक्रोफॅरडांपर्यंत चढलीं. आज कित्येक फॅरडांचेहि कंडेन्सर मिळतात. पण त्यांतील एकेकटा दोनतीन व्होल्टांहून फारसा अधिक दाब सोसत नाहीं, म्हणून तेथेंहि सांखळी व समतोल राखण्याची योजना आलीच. मोठ्या ध्वनिवर्धकांत एका थोराड कंडेन्सरऐवजीं अनेक लहान समांतर बसविण्याचा प्रघातहि आहे. कारण प्रत्येकाच्या अंगीं थोडा रोध असतो, आणि अनेक वाटा मिळाल्या कीं तो रोध व त्यापासून होणारी उष्णता दोन्हीं घटतात.

ग्रालाथच्या बरण्यांपासून आजच्या यंत्रापर्यंत द्रव्य बदललें, आकार बदलला, मापांचीं नांवें बदललीं. जोडणीचा नियम तोच राहिला. बेरीज करण्याआधीं प्रत्येक अवयवाचें खरें माप, त्याची सहनशक्ति आणि त्याची झिरपण पाहिली पाहिजे. समांतर जोडणींत दुबळ्याची मर्यादा सर्वांस बांधते, आणि एकसर जोडणींत लहानावर सर्वांत अधिक भार पडतो. हें ध्यानांत ठेवून जो जोडतो, त्याच्या यंत्रांतून गाणें स्वच्छ उमटतें आणि त्याचा हातहि सुरक्षित राहतो.